टायर्नी साहेबांचे एकच विशेषण

दुसऱ्या महायुद्धाच्या दुसऱ्या वर्षी, भाद्रपदातल्या एका सोमवारी, सकाळी आठ वाजून काही मिनिटांनी सौंदड स्टेशनच्या पुढे, अर्जुनीच्या दिशेने असलेल्या वळणावर मालगाडीने रेल्वे इन्स्पेक्टरची ट्रॉली उडवली. रूळ राखणाऱ्या गँगचा मुकादम फागू जागीच ठार झाला. ट्रॉली ढकलणारे दोघे उडी मारून वाचले. इन्स्पेक्टर टायर्नी रुळाखालच्या उतारावरून घसरून पाण्याने भरलेल्या धानाच्या बांधीत पडले. त्यांचा डावा खांदा निखळला होता. रबरी कोटाच्या आत असलेली वही कोरडी राहिली.

मालगाडीच्या ड्रायव्हरने जबाबात सांगितले की वळणाआधी त्याने दोनदा लांब शिटी दिली. या शिट्या सौंदडच्या फलाटावर ऐकू आल्या होत्या. लाइनीच्या दोन्ही बाजूंना धानात निंदण करणाऱ्या बायकांनीही त्या ऐकल्या होत्या.

मी त्या वेळी गोंदियाच्या एका शाळेत संस्कृत शिकवत होतो आणि नागपूरच्या एका दैनिकाला बातम्या पाठवत होतो. राहायला शेजारच्या फुलचूरला होतो. टायर्नी साहेबांची आणि माझी ओळख अपघाताच्या चार वर्षे आधीची.

ओळख एका चिठ्ठीने झाली. शाळेच्या पत्त्यावर आलेल्या त्या चिठ्ठीत इंग्रजीत तीन ओळी होत्या. संस्कृतातल्या ‘बधिर’ या शब्दाचा सर्वांत जुना वापर कोठे आढळतो, स्त्रीलिंगी त्याचे काय होते आणि मराठीत तो कोणत्या वाटेने आला, हे सांगू शकेल अशा माणसाने रविवारी सौंदडच्या बंगल्यावर यावे. खाली सही आणि हुद्दा. रेल्वेच्या माणसाला हे कशाला हवे, असा प्रश्न मुख्याध्यापकांना पडला. मलाही पडला. रविवारी सकाळच्या छोट्या गाडीने मी गेलो.

टायर्नी साहेब पन्नाशीच्या पुढचे होते. उंच, हाडापेराने मोठे, उन्हाने विटकरी झालेला चेहरा आणि वरचा ओठ पूर्ण झाकणारी तांबूस-पांढरी मिशी. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचे गाव. पंचविशीच्या आत हिंदुस्थानात आले आणि या लाइनीवर उतरले ते येथेच राहिले. लग्न केले नव्हते. इंग्रजी बोलत ते फार मोठ्याने. गँगच्या माणसांकडून उचललेली झाडीबोली मात्र अचूक बोलत. तीही मोठ्याने.

“काऊन जी मास्तर, उशीर कायले झाला?” हे त्यांचे मला उद्देशून पहिले वाक्य.

त्यांनी मला खिडकीसमोर बसवले. उजेड माझ्या तोंडावर येईल अशी खुर्ची आधीच ठेवलेली होती. स्वतः उजेडाकडे पाठ करून बसले. मी बोलू लागलो तेव्हा ते माझ्या डोळ्यांकडे पाहत नव्हते. ते माझ्या तोंडाकडे पाहत होते. पाच मिनिटांनी त्यांनी मला थांबवले आणि म्हणाले, “पुढच्या रविवारी येताना मिशी कापून या. ओठावर येते.”

हा इंग्रजी टापटिपीचा प्रकार असावा, असे मला वाटले. नंतर पाहिले तर त्यांच्या हाताखालच्या एकाही माणसाची मिशी ओठावर येत नव्हती. कामावर पान खायला बंदी होती. बोलताना तोंडावर हात किंवा दुपट्ट्याचे टोक आलेले त्यांना चालत नसे. गँगमध्ये या नियमांची कोणी चर्चा करत नसे.

चिठ्ठीतला शब्द त्यांच्या मातृभाषेतल्या एका विशेषणासाठी हवा होता. मातृभाषा म्हणजे इंग्रजी नव्हे, आयरिश. ते विशेषण ते ‘बाउर’ असे उच्चारत. अर्थ बहिरा. लिहिताना मात्र त्यात मधे एक ‘ड’ येई आणि त्या अक्षराच्या डोक्यावर ते टिंब देत. त्यांच्या लिपीत टिंब दिले की अक्षर मऊ होते, बदलते, किंवा त्याचा आवाज पार जातो. या शब्दात तो गेला होता. जुन्या ग्रंथांत ‘बोडर’ असा स्पष्ट ड आहे, हजारएक वर्षांत तो बोलण्यातून झिजला.

“अक्षर जागच्या जागी असते,” ते म्हणाले. “दिसते. ऐकू येत नाही.”

मी त्यांना ‘बधिर’ दिला, प्राकृतातला ‘बहिर’ दिला आणि मराठीतला बहिरा, बहिरी, बहिरे हा क्रम लिहून दिला. त्यांनी बधिर आणि बोडर हे शब्द शेजारी लिहिले, आणि त्यांच्या वर एक आडवी रेघ ओढली. दोन्हींचा मूळ पुरुष एकच, हे त्यांनी कोठेतरी वाचले होते. वेल्शमध्ये आणि फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या ब्रेटन भाषेत त्याची भावंडे होती, तीही त्यांनी लिहून ठेवली होती. इंग्रजीतला ‘बॉदर’, म्हणजे त्रास देणे, हा शब्दही याच कुळातून गेला असावा असे त्यांचे मत होते. पुरावा कमकुवत आहे, हेही तेच सांगत.

त्यानंतर चार वर्षे, महिन्यातून एक-दोन रविवार, मी त्या बंगल्यावर जात राहिलो. शब्द बदलला नाही. एकाच विशेषणावर त्यांनी वह्या भरल्या. मराठीत विशेषण शेवटाला बदलते. त्यांच्याकडे ते आरंभालाही बदलत असे. बाई बहिरी असली की पहिल्या अक्षराला टिंब मिळे आणि ‘बाउर’चे ‘वाउर’ होई. पुरुषाच्या षष्ठीत शेवटचा र बारीक, यकाराकडे झुकता होई. बाईच्या षष्ठीत शेवटी एकार येऊन ‘बाउरे’, आणि ‘अधिक बहिरा’ म्हणायचे तरी तेच रूप. अनेकवचनी ‘बाउरा’. प्रत्येक रूपाला त्यांनी आईच्या आणि आजीच्या तोंडची उदाहरणे दिली होती. बहिऱ्या बाईची शेळी. बहिऱ्या माणसाचे दार. तो कालच्यापेक्षा बहिरा झाला आहे.

एक प्रकार त्यांना विशेष वाटे. ‘अमुक बहिरा आहे’ असे विधान करताना त्यांच्या भाषेत विशेषण काहीच बदलत नाही. कर्ता कोणीही असो, बाई, पुरुष, दहा माणसे, ते मूळ रूपात उघडे उभे राहते. या प्रकारची उदाहरणे त्यांनी एका पानावर लिहिली होती. ती बहिरी आहे. तो बहिरा आहे. ते बहिरे आहेत. तू बहिरा आहेस. प्रथमपुरुषाचे उदाहरण नव्हते. जागा सोडलेली होती.

शब्दाचा अर्थ एवढ्यावर थांबत नाही, असे ते सांगत. हातपाय मुंग्या येऊन बधिर होतात, त्यालाही तोच शब्द. तडा गेलेल्या भांड्याचा बद्द आवाज, त्यालाही तोच. आणि साचलेले पाणी, ज्याला ना आवक ना जावक, तेही बहिरे पाणी. बंगल्यामागे गावाची एक बोडी होती, म्हणजे पावसाचे पाणी अडवलेले लहान तळे. तिच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसलेल्या म्हाताऱ्याला त्यांनी एकदा हे समजावून सांगितले. म्हाताऱ्याच्या घराण्याने चार पिढ्या तलाव बांधले होते.

तो म्हणाला, “पाणी बयरं नसते साहेब. पाळ फुटाच्या अगुदर ते बोलते. आयकणारा बयरा असते.”

टायर्नी साहेबांनी उजवा हात खांद्यापर्यंत वर केला, तळवा पुढे करून क्षणभर धरला आणि खाली घेतला.

हा हात त्यांची ओळख होता. कोणी हाक मारली, हात वर. कोणी निरोप सांगितला, हात वर. गाडी सुटताना, गार्डने काही ओरडून सांगितले की हात वर. लाइनीवर सगळ्यांना त्याचा अर्थ माहीत होता: ऐकले, समजले, पुढे चला. सौंदडच्या जुन्या स्टेशनमास्तरांनी तर या हाताला दफ्तरी मान्यता दिली होती. ट्रॉली लाइनीवर नेण्याआधी इन्स्पेक्टरने स्टेशनात येऊन समोरून कोणती गाडी सुटली आहे ते विचारायचे आणि वहीत सही करायची, असा नियम होता. टायर्नी साहेब स्टेशनच्या खोलीत जाण्याचे टाळत. खोली अंधारी होती, तारेचे यंत्र खडखडत असे आणि चार माणसे एकदम बोलत. तेव्हा मास्तर फलाटाच्या टोकाशी येऊन गाडीची खबर सांगत, साहेब हात वर करत, आणि सही संध्याकाळी होई. त्या वेळी फागू नेहमी साहेबांच्या शेजारी उभा असे.

फागूबद्दल येथे सांगितले पाहिजे. तो सौंदडजवळच्याच एका खेड्यातला, पस्तिशीचा, ठेंगणा आणि रुंद माणूस. गँगच्या मुकादमाला रेल्वेत मेट म्हणतात. फागू मेट. कामाला लागला तेव्हा त्याची मिशी गालापर्यंत वळलेली होती. साहेबांनी सांगितले तेव्हा ती त्याने काढून टाकली. त्याच्या समाजात बाप मेला की मिशी काढतात, एरवी नाही. फागूचा बाप जिवंत होता. तो अंगणात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, “मी जिता आहो, आन् यानं मिशी काढलन. आता कोणाले तं मसनात न्याच लागते.” फागूची बायको रुखमा हिने आठ दिवस त्याच्याशी बोलणे टाकले होते, असे ट्रॉली ढकलणारा डोमा हसत हसत सांगे.

साहेबांना ऐकू येत नाही हे मला कधी कळले, ते नेमके सांगता येत नाही. संशय दुसऱ्या-तिसऱ्या रविवारीच आला होता. खात्री झाली ती लाइनीवर. एका थंडीत मी गँगबरोबर दोन मैल चाललो. रुळाचे जोड आणि चाव्या, म्हणजे रूळ आवळून धरणाऱ्या पाचरी, तपासण्याची रीत अशी की हातोडी मारायची आणि आवाज ऐकायचा. खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर काहीतरी सैल आहे किंवा तडा आहे. हातोडी फागू मारत होता. साहेब दरवेळी वाकून रुळावर तळवा टेकवत आणि “बरा” किंवा “खराब” म्हणत. एकदाही चुकले नाहीत. तळव्याला कळत असावे, असे मला वाटले. मग माझे लक्ष फागूच्या पायाकडे गेले. आवाज बद्द आला की तो डावा पाय अर्धे पाऊल मागे घेत होता.

परतताना मी त्याला बाजूला घेऊन विचारले.

“साहेबांना अजिबात ऐकू येत नाही का?”

“येते ना जी,” तो म्हणाला. “मी आहो ना.”

“किती दिवसांपासून?”

“मी मेट झालो तवापासून तं मीच आयकून राहिलो.”

मग त्याने आपण होऊन डॉक्टरची गोष्ट सांगितली. दरवर्षी रेल्वेचा डॉक्टर येऊन डोळे आणि कान तपासत असे. कानाची परीक्षा अशी की साहेबांना पाठमोरे बसवायचे, मागून कानाजवळ घड्याळ धरायचे आणि टिकटिक ऐकू आली की हात वर करायला सांगायचे. मधेच डॉक्टर घड्याळ गुपचूप खिशात घाली. पकडण्यासाठी. साहेबांचे तोंड दाराकडे असे आणि दारात फागू टॉवेल घेऊन उभा राही. घड्याळ कानाशी असले की टॉवेल उजव्या खांद्यावर. खिशात गेले की डाव्या.

“डाक्तरनं लिवून देलन, कान फस्ट क्लास!” फागू हसून हसून वाकला. “मास्तर, डाक्तरचेच कान तपासाले पायजे. मी टावेल बदलवतो तवा झटकतो, ते त्याले आयकू नाही आलं.”

डोमाही हसला. साहेब दहा पावले पुढे पाठमोरे चालत होते.

“आणि लाइनीवर? ट्रॉलीवर?” मी विचारले.

ट्रॉली म्हणजे चार चाकांवर बसवलेले लाकडी बाक. दोघे जण रुळावरून धावत ती ढकलतात आणि उतार लागला की मागे चढून बसतात. फागू साहेबांच्या पाठीशी टेकून बसे. गाडी मागून आली तर त्याने साहेबांच्या पाठीत एकदा कोपर दाबायचे, पुढून आली तर दोनदा. मग सगळे उतरत आणि ट्रॉली उचलून बाजूला ठेवत.

“हे वर कळवायला नको का?”

फागूचे हसणे थांबले. “कळवून काय होईन? साहेबाले घरी धाडतीन. घरी कोण आहे त्याच्या? आन् आमच्या बोकांडी तो छडीवाला येईन.” छडीवाला म्हणजे आधीचा इन्स्पेक्टर. त्याच्या छडीचा वळ फागूच्या मानेवर होता, तो त्याने दाखवला. “दोन साल राहिले पिनशनले. दोन साल मी आयकतो. तुमी पेपरवाले आहा, मनून सांगतो. लिवजा नोका.”

मी लिहिले नाही.

साहेबांच्या घरी खरोखरच कोणी उरले नव्हते. गावातली निम्मी घरे उघडी पडली होती, माणसे समुद्रापलीकडे गेली होती. त्यांच्या वडिलांना लहानपणी शाळेत गळ्यात काठी अडकवत, आयरिश शब्द तोंडातून गेला की काठीवर एक खाच पडे आणि संध्याकाळी खाचा मोजून मार मिळे. वडिलांनी मुलांशी ती भाषा बोलणे सोडले. आई आणि आजी बोलत राहिल्या. शेवटी एक बहीण होती, तिला ते दर महिन्याला आयरिशमध्ये पत्र लिहीत. माझ्या ओळखीच्या दुसऱ्या वर्षी त्यातले एक पत्र परत आले. पाकिटावर पोस्टाने एक शब्द मारला होता: मयत. साहेबांनी पाकीट वहीत ठेवले आणि मला म्हणाले, “आता ती भाषा माझ्याशी बोलणारे कोणी नाही. निदान येथे ती ऐकू न येणे स्वाभाविक आहे.”

ऐकण्याबद्दल यापेक्षा जवळ जाणारे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकले नाही.

शेवटच्या वर्षी गोष्टी वाईट होत चालल्या होत्या, हे आता मागे पाहताना जुळवता येते. युद्धामुळे मालगाड्या वाढल्या होत्या आणि त्यांना वेळापत्रक नव्हते. उन्हाळ्यात फाटकाजवळ एक बैलगाडी साहेबांच्या मागून आली. गाडीवान ओरडत राहिला आणि साहेब बाजूला झाले नाहीत. बैलाचे शिंग त्यांच्या कोटात अडकले. साहेबांनी वळून हात वर केला. गाडीवानाने शिवी दिली. फागूने त्या संध्याकाळी गाडीवानाच्या घरी जाऊन त्याला काहीतरी सांगितले आणि तो गप्प झाला. जूनमध्ये गँगमधला एक पोरगेला गडी बोलून गेला, “साहेब बयरे आहेत का हो मेट?” त्याच्या तोंडात फागूने मारली. मग त्याला जवळ बसवून सगळे सांगितले. अशा रीतीने माहीत असणाऱ्यांची संख्या वाढत गेली. गँग, गेटमन, बोडीवरचा म्हातारा, जुने स्टेशनमास्तर, मी. प्रत्येकाला वाटे की दुसरा कोणीतरी सांभाळून घेतो आहे. आणि खरोखर एक जण सांभाळून घेत होता.

श्रावणात जुने स्टेशनमास्तर बदलून गेले. त्यांच्या जागी आलेले बाबू हिंदी बोलणारे, तरुण आणि नियमाचे पक्के होते. जाताना जुन्या मास्तरांनी त्यांना स्टेशनच्या सगळ्या रीती समजावल्या. त्यातली एक अशी की टायर्नी साहेब खोलीत येत नाहीत, त्यांना फलाटावरून खबर द्यायची, त्यांनी हात वर केला की ती पोचली, सही नंतर. साहेबांना ऐकू येत नाही, एवढे मात्र त्यांनी सांगितले नाही. लिहून ठेवण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

त्या सोमवारी पहाटेपासून पाऊस होता. साहेबांनी जाड रबरी कोट घातला होता. ट्रॉली लाइनीवर चढवून झाली तेव्हा फागू स्टेशनच्या विहिरीवर पाण्याची सुरई भरायला गेला. नवे बाबू फलाटाच्या टोकाशी आले आणि छत्रीखालून ओरडले, “साहब, अर्जुनी से मालगाड़ी छूट गई है। उसके आने तक रुकिए।”

साहेबांनी हात वर केला.

बाबू खोलीत परतले. फागू सुरई घेऊन आला आणि नेहमीप्रमाणे साहेबांच्या पाठीमागे बसला. साहेब शांत होते, तेव्हा खबर काही नाही असे त्याने धरले. मास्तर फलाटावर येऊन गेले हे त्याने पाहिलेच नव्हते. डोमा आणि त्याचा जोडीदार चाकाची खीळ बसवत पलीकडच्या बाजूला वाकले होते आणि पावसाचा आवाज मोठा होता. ट्रॉली निघाली.

पुढचे डोमाच्या शब्दांत: “वळणावर शिटी आयकू आली. आमी दोघं कुदलो. फागून कोपर मारलन. एकदा, दोनदा, मंग मारतच राहिला. साहेबाले समजेच ना. तो कोट असा जाड, म्हशीच्या कातड्यासारका. साहेब कोटाच्या आड वही धरून लिवून राहिले होते. मंग फागून दोन्ही हातानं ढकललन साहेबाले. त्याले सोताले कुदाले वेळ नाही भेटला.”

चौकशी गोंदियाला, आठ दिवसांनी झाली. तीन अधिकारी टेबलामागे, खिडकीकडे पाठ करून बसले होते. त्यामुळे त्यांचे चेहरे काळोखात होते. मधल्या अधिकाऱ्यांची मिशी भरघोस होती. वार्ताहर म्हणून मला दाराजवळ बसू दिले.

बाबूंनी सांगितले की त्यांनी खबर दिली आणि इन्स्पेक्टरांनी हात वर केला. मग मधल्या अधिकाऱ्यांनी साहेबांना विचारले, “स्टेशनमास्तरांची सूचना तुम्ही ऐकली होती का?”

साहेब त्यांच्याकडे पाहत राहिले. प्रश्न पुन्हा झाला. डावा हात झोळीत होता. साहेबांनी उजवा हात खांद्यापर्यंत वर केला, तळवा पुढे करून क्षणभर धरला आणि खाली घेतला.

लेखनिकाने लिहून घेतले की सूचना ऐकल्याचे इन्स्पेक्टरांनी मान्य केले आहे.

डोमाला विचारले, साहेबांच्या प्रकृतीत काही दोष होता का. तो म्हणाला, “नाही जी.” गँगच्या बाकी माणसांनीही तेच सांगितले. बाहेर आल्यावर मी डोमाला गाठले. तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, “फागून शपथ घेतली होती आमची. जिता असता तं मोडली असती. आता कोणाले इचारू?”

निकालात दोघे दोषी ठरले. सूचना मिळूनही ट्रॉली नेल्याबद्दल इन्स्पेक्टर, आणि वळणाआधी लाल झेंडा घेऊन माणूस पुढे न पाठवल्याबद्दल मयत मेट. इन्स्पेक्टरांना नोकरीतून कमी करण्यात आले. मेट दोषी असल्यामुळे त्याच्या कुटुंबाने लाइनीवरची खोली सोडावी असा हुकूम निघाला. मी पाठवलेल्या बातमीत निकाल होता तसा होता.

त्यानंतरच्या रविवारी मी सौंदडला गेलो. साहेब ओसरीत बसले होते. वह्या टेबलावर रचलेल्या होत्या. आम्ही काही बोलण्याआधीच रुखमा आवारात आली. मागे फागूचा म्हातारा बाप होता. ती पायरीखाली थांबली नाही. वर आली, साहेबांच्या समोर उभी राहिली, पदर तोंडावरून बाजूला केला आणि एकेक शब्द सुटा करून, ओठ स्पष्ट हलवत बोलली. तिलाही कसे बोलायचे ते माहीत होते.

“तू बयरा आहेस. एकदा सांगतलं असतंस तं माजा माणूस वाचला असता. आता तं सांग. कोणासाठी लपवून राहिला?”

म्हातारा म्हणाला, “चाल ना बाई.”

“नाही चालत. मेल्यावर त्याच्या नावानं चूक लिवलन. झेंडा नाही धाडला मन्ते. आरे, झेंडा कायले धाडन तो? बाबूनं थांबा म्हटलं होतं, हे त्याले सांगतलं कोणं?”

साहेबांनी तिच्या ओठांवरून नजर हलवली नाही. ती थांबली. हात वर करण्याची त्यांची वेळ होती. त्यांनी हात वर केला नाही. डावा झोळीत होता, उजवा मांडीवर होता, तो तेथेच राहिला. रुखमा थोडा वेळ वाट पाहून निघून गेली.

मी गाडीच्या वेळेपर्यंत बसलो. त्या दिवशी आम्ही शब्दाबद्दल बोललो नाही.

आश्विनात एका दुपारी मी त्यांना गोंदियाच्या फलाटावर पाहिले. नागपूरकडे जाणारी गाडी यायची होती. ते लोखंडी बाकावर बसले होते आणि त्यांचा तळवा बाकावर सपाट टेकलेला होता. जवळ सामान नव्हते. ट्रंक त्यांनी त्याच सकाळी मालखिडकीवर नोंदवली होती, सौंदडसाठी, रुखमाच्या नावावर. त्याआधी ते रेल्वेच्या दफ्तरात जाऊन एक पाकीट देऊन आले होते. त्यात काय होते ते दफ्तराने मला सांगितले नाही.

त्यांनी मिशी काढलेली होती. तो ओठ मी प्रथमच पाहिला.

गाडीची शिटी झाली. फलाटावरच्या सगळ्या माना वळल्या. त्यांची वळली नाही. मग बाक थरथरू लागला असावा, कारण ते उठून उभे राहिले. मला त्यांनी पाहिले की नाही, सांगता येत नाही. ते डब्यात चढले.

मार्गशीर्षात रुखमाला खोली सोडण्याचा हुकूम मागे घेतल्याचे कळवण्यात आले. कारण दिलेले नव्हते. ट्रंक तिने अंगठा देऊन सोडवली होती. ट्रंकेत कपडे, फागूची हातोडी आणि वह्या होत्या. वह्या तिने मला दिल्या. प्रथमपुरुषासाठी सोडलेली जागा तशीच होती.

साहेब पुढे कोठे गेले याची मी बराच काळ चौकशी केली. मुंबईच्या बोटीवर ते चढल्याची नोंद मला मिळाली नाही, न चढल्याचीही नाही. त्या गाडीवरचा तिकीट तपासनीस दोन वर्षांनी नागपूरला भेटला. त्याला ते आठवत होते. भंडारा रोड सुटल्यावर त्याने त्यांच्याकडे दोनदा तिकीट मागितले, ते खिडकीबाहेर पाहत होते. तिसऱ्यांदा त्याने खांद्याला हात लावला. साहेबांनी वळून त्याच्या तोंडाकडे पाहिले आणि डब्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, “मी बयरा आहो, बाबू.”

तपासनीसाने तिकीट मागण्याची खूण केली. त्यांनी ते काढून दिले. ते मुंबईपर्यंतचे होते. त्याने पंच करून परत केले.